छाती मोजली, डोक्याचे काय?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, छाती किती? तो झोपेतही सांगेल: न फुगवता ७९, फुगवून ८४. सोळाशे मीटरची वेळ तो सेकंदासकट सांगेल, गोळा किती मीटर गेला तेही सांगेल. मग विचारा, काल रात्री किती तास झोपलास? डोळे शेवटचे कधी तपासलेस? डोक्याला कधी मार लागलाय का? यावर मुलगा आपल्याकडे असा बघतो, जणू आपण भरतीचा विषय सोडून भलतेच काही विचारतो आहोत.

आम्ही वस्तीतल्या विहारात अभ्यासिका चालवतो. सकाळी मुले-मुली मैदानावर पळतात, संध्याकाळी विहारात बसून गणित-बुद्धिमत्ता सोडवतात. दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या कबड्डी सामन्यात यातल्याच एका मुलाच्या डोक्यावर समोरच्या गड्याचा गुडघा बसला. काही सेकंद तो नुसता बघत राहिला. उठल्यावर त्याने स्कोअर किती झाला ते विचारले. आम्ही सांगितले. त्याने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा सगळे हसले, आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीप्रमाणे धावायला गेला आणि दुसऱ्या फेरीला ओकला. मैदानावरचे सर म्हणाले, पित्त झालंय, लिंबूपाणी घे. पुढचे तीन आठवडे त्याला पुस्तकाची ओळ धरता येत नव्हती, उजेड सहन होत नव्हता, बहिणीवर तो विनाकारण खेकसत होता. त्या वर्षीचा लेखी पेपर त्याने दिला, म्हणजे नुसता जाऊन बसला.

‘कन्कशन’ हा शब्द आम्हाला माहीत नव्हता असे नाही. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो, हे आम्ही टीव्हीवर पाहिले होते. पण तो शब्द आमच्या डोक्यात स्टेडियमच्या आत राहत होता. वस्तीच्या मैदानावर तो कधी उतरलाच नाही. त्या तीन आठवड्यांनी आम्हाला हा विषय वाचायला लावला, आणि वाचता वाचता जे हाती लागले ते आपल्या तरुणांपुढे ठेवावे असे वाटले.

अमेरिकेत सैनिक, पोलीस, अग्निशमन जवान यांच्यासाठी ‘टॅक्टिकल अ‍ॅथलीट’ असा एक शब्द रूढ झाला आहे. अर्थ सरळ आहे. ज्याच्या पोटापाण्याच्या कामातच धावणे, उचलणे, चढणे, अंधारात बघणे, गोंगाटात ऐकणे आणि जिवाच्या धोक्यात क्षणात निर्णय घेणे आहे, तो खेळाडूच आहे. म्हणून त्याला खेळाडूसारखे प्रशिक्षण, आहार आणि विश्रांती मिळाली पाहिजे. तिथली नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन या लोकांच्या प्रशिक्षकांसाठी वेगळे प्रमाणपत्र देते. अमेरिकी लष्कराने २०२० मध्ये आपली शारीरिक तयारीची पुस्तिकाच नव्याने काढली. तिच्यात शरीराबरोबर मन, आहार, आध्यात्मिक बाजू आणि झोप अशी पाच अंगे धरली आहेत. लष्कराच्या कवायतीच्या पुस्तकात झोपेला स्वतंत्र प्रकरण मिळते, ही गोष्ट आपल्याकडच्या ‘झोपला तो संपला’ छाप भरती अकादम्यांनी एकदा वाचावी.

पण हे शहाणपण तिथे प्रेमातून आलेले नाही. २००० सालापासून चार लाखांहून अधिक अमेरिकी सैनिकांना मेंदूच्या दुखापतीचे निदान झाले आहे. त्यातल्या बहुतेक दुखापती ‘सौम्य’ वर्गातल्या, आणि बऱ्याचशा रणांगणाबाहेरच्या: सरावात, अपघातात, खेळात. २०१६-१७ मध्ये सिरिया-इराकमध्ये आयसिसविरुद्ध हजारो तोफगोळे डागणाऱ्या तरुण तोफचींची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. शत्रूचा एकही गोळा अंगावर न पडता ते घरी आले. मग डोकेदुखी, विसरभोळेपणा, भास आणि आत्महत्येचे विचार सुरू झाले. गोळा सुटताना बसणारा हवेचा धक्का, दिवसाला शेकडो वेळा, त्यांच्या स्वतःच्याच तोफेने त्यांना दिला होता. लष्कराने सुरुवातीला काय केले? कुणाला नैराश्याच्या गोळ्या दिल्या, कुणाला बेशिस्त ठरवून घरी पाठवले. दुखापत मेंदूला, आणि शिक्का चारित्र्यावर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते आपल्या वस्तीत पुन्हा भेटणार आहे.

२०२३ मध्ये मेन राज्यातल्या लुईस्टन शहरात एका माणसाने गोळीबार करून १८ जणांना मारले. तो राखीव दलातला, हातबॉम्ब फेकण्याचे प्रशिक्षण देणारा. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत दुखापतीच्या खुणा सापडल्या. हत्याकांडाचे कारण त्या खुणाच, असे म्हणता येत नाही. कुणी म्हणूही नये. पण प्रश्न दाबून ठेवणे आता शक्य राहिले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आदेश काढला: धक्क्याचा दाब चार पीएसआयच्या वर जाईल तिथे काळजीची मर्यादा, आणि नव्याने भरती होणाऱ्यांची सुरुवातीलाच स्मरण, लक्ष, प्रतिक्रियेचा वेग यांची चाचणी. म्हणजे माणूस आत आला तेव्हा त्याचा मेंदू कसा होता, याची नोंद. उद्या बिघाड झाला तर तुलना करायला काही तरी हाताशी असेल.

आमच्या मते या सगळ्या विषयातली खरी गोष्ट ही नोंद आहे. बाकीची यंत्रे-चष्मे नंतर.

कारण यंत्रे-चष्मे भरपूर आहेत, आणि ती आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही. उघडझाप करणाऱ्या काचांचे चष्मे घालून चेंडू झेलायचा, म्हणजे अर्धवट दिसणाऱ्या दृश्यावरून अंदाज बांधायची सवय होते. दिव्यांचा फळा असतो. पेटेल त्या दिव्यावर झटकन हात मारायचा. पडद्यावर फिरणाऱ्या अनेक गोळ्यांपैकी चार नजरेत धरून ठेवायचे. यातून काहीच होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. माणूस ज्याचा सराव करतो त्यात तो सुधारतो. दिव्याच्या फळ्यावर सराव केलेला दिव्याच्या फळ्यावर चपळ होतो. पण अंधाऱ्या गल्लीत समोरच्याच्या हातात मोबाइल आहे की सुरा, हे त्याला लवकर ओळखता येईल का, याचा पुरावा अजून फार तोकडा आहे. मोबाइलवरच्या खेळांनी मेंदू तल्लख होतो अशी जाहिरात करणाऱ्या ल्युमॉसिटीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. दाव्याला पुरेसा आधार नव्हता.

आपण तर याहून मोठा तमाशा पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी गावोगाव ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून मुले वाचून दाखवायची आणि आईबाप हजारो रुपये मोजायचे. विवेकवादी कार्यकर्त्यांनी आव्हाने दिली, पट्टी आणि नाक यांच्यामधली फट दाखवून दिली, तेव्हा बाजार थंडावला. उद्या हाच धंदा ‘कमांडो ब्रेन ट्रेनिंग’ नावाने भरती अकादमीच्या फ्लेक्सवर आला, तर आश्चर्य वाटू देऊ नका. कर्ज काढून फी भरणारे आपलेच असतील.

मग खऱ्या अर्थाने उपयोगी काय? उत्तर इतके साधे आहे की विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

पहिली झोप. सलग १७ ते १९ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने २००० मध्येच दाखवले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. आता आपल्या मुलाचा दिवस बघा. रात्री बारापर्यंत पार्सल पोहोचवणे किंवा एटीएमवर पहारा, पहाटे साडेचारला मैदान, दुपारी अभ्यासिका. हा मुलगा रोज नशेतल्या माणसाइतका मंद होऊन बुद्धिमत्तेची उदाहरणे सोडवतो, आणि चुकली की स्वतःलाच ‘ढ’ म्हणतो. शेजारच्या सोसायटीतला मुलगा आठ तास झोपून तीच उदाहरणे सोडवतो आणि त्याला लोक हुशार म्हणतात. गुणवत्तेवरच्या चर्चेत झोपेचे तास कुणी मांडत नाही.

वर्दी मिळाल्यावरही सुटका नाही. बंदोबस्ताच्या दिवसांत बारा-बारा, सोळा-सोळा तास उभे राहणारे हवालदार आपल्या नात्यात आहेत. २०१६ मध्ये मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, तोही त्याच ठाण्यातल्या एका शिपायाच्या कल्पनेतून. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती मांडली, ती १९४६ ची गोष्ट. कारखान्याच्या कामगाराला जे सत्तर वर्षे आधी मिळाले, त्याचा पोलिसासाठी ‘प्रयोग’ करावा लागतो! कामाचे तास हा मेंदूच्या आरोग्याचा प्रश्न आहे, हे आपल्या युनियनच्या मागणीपत्रात आजवर आम्ही तरी वाचलेले नाही.

दुसरे ऊन. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून तरुण मेले, त्यानंतर अंतर कमी करावे लागले. उष्माघातात शरीर ४० अंशांच्या वर तापते आणि पहिला तडाखा मेंदूला बसतो. धावणारा बरळू लागतो, वाकडा-तिकडा पळतो, नाव विचारले तर चिडतो. आपल्याकडे याला ‘हिंमत हरला’ म्हणतात आणि ‘पळ, पळ’ म्हणून ओरडतात. जगभरच्या खेळ आणि लष्करी वैद्यकात यावर एकच नियम आहे: आधी थंड करा, मग दवाखान्यात हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब नसेल तर मैदानावरच्या टँकरचे पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओता, ओल्या चादरी बदलत राहा, वारा घाला. गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. मैदानावर पाण्याची दोन पिंपे आणि चार चादरी ठेवायला कुठल्याही अकादमीला परवडते.

मुलींबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. आठशे मीटरला धाप लागणारी आणि अभ्यासात लक्ष न लागणारी मुलगी आळशी नसते, तिचे रक्त तपासायचे राहिलेले असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते.

आणि डोके. मार लागल्यावर मुलगा गोंधळला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, तोल गेला, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, बेशुद्ध पडला नसला तरीही. दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमीत कमी, मग हळूहळू चालणे आणि त्रास होत नसेल तरच पुढची पायरी. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, ग्लानी, एक बाहुली मोठी दिसणे, यातले काहीही दिसले तर थेट मोठ्या दवाखान्यात. पहिली दुखापत भरण्याआधी दुसरी बसली तर ती जिवावर बेतू शकते. आमच्या मुलाचे नशीब, की तो ओकून थांबला.

काही मित्र आम्हाला म्हणतात, भरतीच वेळेवर निघत नाही, जागा कंत्राटी होत चालल्यात, आणि तुम्ही मेंदू घेऊन बसलात. काहींचा आक्षेप त्याहून टोकदार आहे: ज्या व्यवस्थेच्या लाठ्या आपल्याच मोर्च्यांवर पडतात तिच्यासाठी पोरे कशाला घडवता? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण वर्दीशी आपले नाते आजचे नाही. इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’चा सिद्धांत काढला आणि १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांमागून अर्ज लिहिले. १९१७ मध्ये पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली गेली, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. पराक्रम जन्माने मिळतो या समजुतीविरुद्धचा हा पन्नास वर्षांचा झगडा होता. शरीर, नजर, कान, निर्णय हे सगळे सरावाने घडते, असे सांगणारे आजचे शास्त्र आपल्या आज्यांच्या अर्जांच्या बाजूने उभे आहे. फक्त त्या सरावाची साधने आणि त्यातल्या दुखापतीची भरपाई कुणाला मिळते, हे जन्मावरच ठरत राहिले, तर शास्त्र बदलून काय उपयोग?

त्या रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आजोबा आपल्या ओळखीत असतील. मशीनगनजवळ आयुष्य गेले. टीव्ही मोठ्याने लावतात, घरचे कावतात, हळूहळू ते बोलणेच कमी करतात. मध्यम वयात गेलेले ऐकू येणे हा पुढे स्मृतिभ्रंशाचा एक टाळता येणारा धोका आहे, असे लॅन्सेटच्या आयोगाने नोंदवले आहे. अमेरिकेत निवृत्त सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या व्याधींत कानातला सततचा आवाज पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्या आजोबांना आपण फक्त ‘बहिरे’ म्हणतो.

जाता जाता सतीबद्दल. अमेरिकी मरीन सैनिकांना युद्धावर जाण्यापूर्वी सजगतेचा सराव दिला गेला. अमिशी झा यांच्या २०१० च्या अभ्यासात ज्यांनी तो नेटाने केला त्यांची कामचलाऊ स्मृती ताणातही टिकली. बौद्ध म्हणून हे वाचताना आम्हाला आनंद आणि अस्वस्थता दोन्ही झाली. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती एकटी येत नाही, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका तिच्या शेजारी बसलेली असतात. शेजारी काढून टाकले तर उरते ते लक्ष स्थिर ठेवण्याचे कसब, मग ते नेम धरायलाही चालते. आपल्या मुलांनी रोज दहा मिनिटे श्वासावर बसावे, जरूर बसावे. पण त्याला धम्म म्हणू नये.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे. टॅक्टिकल अ‍ॅथलीटची व्याख्या पुन्हा वाचा: जिवाच्या धोक्यात, अंधारात, इंद्रियांच्या भरवशावर, शरीर पणाला लावून काम करणारा. या व्याख्येत आपल्या वस्तीतला कोण पहिला बसतो? गटारात उतरणारा. त्याच्याकडे नाही ते एवढेच: साहित्य, प्रशिक्षण आणि खेळाडूचा मान.

मॅनहोलमधला हायड्रोजन सल्फाइड वायू सडक्या अंड्यासारखा वास मारतो. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. पण प्रमाण साधारण १०० पीपीएमपर्यंत गेले की नाक बधिर होते, वास येणे बंद होते. माणसाला वाटते, वायू निघून गेला. तो आणखी दोन पायऱ्या उतरतो. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस कोसळतो, हजाराच्या आसपास दोन-चार श्वासांत. ज्या इंद्रियावर जीव अवलंबून तेच इंद्रिय ऐन वेळी फितूर होते. म्हणून अनुभवी माणसाचे नाक चालत नाही, वायुमापक लागतो. वर उभा असलेला भाऊ किंवा सोबती त्याला वाचवायला उतरतो आणि एका गटारात दोन-तीन प्रेते मिळतात. हे आपण इतक्या वेळा वाचले आहे की बातमीतली नावे बदलली तरी कळत नाही.

मेलेल्यांची निदान बातमी होते. वाचलेल्यांचे काय? मेंदूला काही मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, माणूस शुद्धीवर आला, चार दिवसांनी पुन्हा कामावर. मग तो विसरतो, चिडतो, तोल जातो, हात थरथरतात. मुकादम म्हणतो, पितो साला. बायकोही शेवटी तेच म्हणू लागते. तो पितही असेल. पण वायू लागण्याआधी तो कसा होता आणि नंतर कसा झाला, हे कुणी विचारलेले नसते. दुखापत मेंदूला, शिक्का चारित्र्यावर. अमेरिकी तोफचीला निदान उशिरा का होईना चाचणी मिळाली.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबांना १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई सांगितली. २०२३ च्या निकालात अपंगत्वालाही भरपाई आहे: किमान १० लाख, आणि कायमचे अपंगत्व येऊन माणूस कमावता राहिला नाही तर किमान २० लाख. तुटलेला पाय दाखवता येतो. गेलेली स्मृती कशी दाखवणार? आधीची नोंदच नसेल तर वकील काय पुढे करणार? म्हणून आम्ही म्हणतो की भरती होणारा पोलीस, अग्निशमन जवान आणि सफाई कामगार, कंत्राटी असला तरी, यांची कामावर घेतानाच स्मरण, लक्ष, तोल, नजर, कान, वास यांची साधी तपासणी व्हावी आणि तिची प्रत त्याच्या स्वतःच्या हातात मिळावी. प्रत साहेबाच्या कपाटात राहिली तर तीच उद्या त्याला ‘अनफिट’ म्हणून काढायला वापरली जाईल. ही भीती खोटी नाही.

आम्ही शंभर पानी वहीपासून सुरुवात केली आहे. मैदानावरच्या प्रत्येक मुला-मुलीचे एक पान: झोपेचे तास, हिमोग्लोबिन, चष्म्याचा नंबर, एका पायावर डोळे मिटून किती सेकंद उभे राहता येते, दहा शब्द ऐकून पाच मिनिटांनी किती आठवतात, डोक्याला लागलेला मार आणि तारीख. हे डॉक्टरी निदान नाही, पण डॉक्टरपुढे ठेवायला काही तरी आहे. कबड्डीतल्या त्या मुलाचे पान पहिले आहे. तो आता दुसऱ्यांची पाने भरतो. गेल्या महिन्यात गटाराचे काम करणारे काही जण रविवारच्या वंदनेनंतर थांबले. त्यातल्या एका काकांनी दहापैकी तीन शब्द सांगितले, मग बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “हे मुकादमाला दाखवणार नाही ना?” त्या दिवशी आम्ही वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ज्याचे पान, त्याच्याच परवानगीने उघडायचे.